विसरलेल्या गुणांचे वारस

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत डाव संपला की हिशेब आपोआप सिद्ध होतो. क्रिबेजमध्ये मात्र हिशेब हाच डावाचा उत्तरार्ध असतो. जॉन ऑब्रे या चरित्रकाराने ज्याच्या निर्मितीचे श्रेय सतराव्या शतकातील इंग्रज कवी सर जॉन सक्लिंग याला दिले, आणि ‘नॉडी’ नावाच्या त्याहून जुन्या खेळातून जो विकसित झाला, तो हा खेळ इंग्लंडमध्ये व पुढे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खेळला गेला, त्याचे रहस्य मला या उत्तरार्धातच दिसते.

दोघा खेळाडूंना प्रत्येकी सहा पाने मिळतात. त्यांतील दोन दोन पाने प्रत्येकाने बाजूला टाकावयाची, आणि त्या चार पानांचा जो ‘क्रिब’ बनतो तो पाने वाटणाऱ्याच्या हक्काचा. मग उरलेल्या जोडातून एक पान उघडले जाते व ते सर्वांच्या मोजणीत सामाईक धरले जाते. पाने खेळून झाली की प्रत्येकाने आपला हात पटावर मांडून गुण मोठ्याने सांगावयाचे: पंधरा बेरीज होणाऱ्या प्रत्येक जुळणीस 2, प्रत्येक जोडीस 2, आणि रमीतल्या सिक्वेन्ससारख्या, परंतु रंगाचे बंधन नसलेल्या ओळीस पानागणिक 1. सांगितलेल्या गुणांइतकी आपली खुंटी छिद्रांच्या फळीवर पुढे सरकवीत जो प्रथम 121 गाठील तो जिंकला.

आता समजा, हातात दोन सत्त्या व दोन अठ्ठ्या आहेत आणि उघडलेले पान नव्वी आहे. सत्ती-अठ्ठीच्या चार जुळण्यांचे 8, दोन जोड्यांचे 4, आणि प्रत्येक सत्ती प्रत्येक अठ्ठीशी व नव्वीशी जोडून होणाऱ्या चार ओळींचे 12, असे एकूण 24 गुण त्यात आहेत. घाईने मोजणाऱ्याने पंधराच्या दोनच जुळण्या धरल्या व ‘वीस’ असे जाहीर केले, तर राहिलेल्या चार गुणांचे काय व्हावे? सौम्य रिवाजानुसार ते तसेच बुडतात, किंवा सज्जन प्रतिस्पर्धी चूक दाखवून देतो. परंतु ‘मगिन्स’ नावाचा ऐच्छिक नियम अंमलात असेल, तर प्रतिस्पर्धी ‘मगिन्स’ असे म्हणून ते चारही गुण स्वतःच्या खाती जमा करून घेतो. म्हणजे योग्य मोजणीच्या तुलनेत आठ गुणांचा फरक पडतो.

हा नियम कठोर आहे, आणि अखेरीस अखेरीस तर तो प्राणघातक ठरतो. मोजणीचा पहिला मान न वाटणाऱ्याचा असतो. तो 117 वर असून त्याच्या हातात नेमके चार गुण असले, तर तो बाजी जिंकलाच. पण त्याने दोनच पुकारले आणि वाटणारा 119 वर बसलेला असला, तर उरलेले दोन गुण उचलून वाटणाराच 121 वर पोहोचतो, आणि हातातोंडाशी आलेला विजय केवळ बेरजेच्या कसुरीने परक्याचा होतो. तीन पंज्या व गुलाम हातात आणि गुलामाच्याच रंगाची चौथी पंजी उघडी, असा 29 गुणांचा सर्वोच्च हात आला तर तो कोणीही डोळे मिटून ओळखील. मगिन्स दबा धरून बसतो तो मधल्या, सामान्य वाटणाऱ्या हातांत.

गुणमोजणीच्या इतर ऐच्छिक तरतुदी मला याइतक्या खोल वाटत नाहीत. हरणारा 91 च्या आत राहिला तर ‘स्कंक’ मानून ती बाजी दुप्पट धरावी, 61 च्या आत राहिला तर त्याहूनही अधिक धरावी, हे पैजेचे ठराव झाले. त्यांनी पराभवाची किंमत वाढते, खेळाची बुद्धी वाढत नाही. मगिन्समुळे मात्र दुसऱ्याचा हात चालू असतानाही आपले लक्ष पटावरून हलू शकत नाही, आणि एरवी निष्क्रिय बसणारा श्रोता परीक्षक होतो. म्हणूनच मी या नियमाच्या बाजूचा आहे. तथापि पंधराच्या जुळण्या अद्याप बोटांवर मोजणाऱ्या नवशिक्यावर तो लादणे हे मला अन्यायाचे वाटते, कारण तेथे जय कौशल्याचा न राहता अननुभवाची लूट होऊन बसतो.

तेव्हा क्रिबेजला बसणाऱ्या वाचकाने पहिले पान वाटण्यापूर्वीच मगिन्स आहे की नाही, आणि असल्यास हरकत घेण्याची मुदत कोठवर, याचा उभयपक्षी करार करून घ्यावा. समोर नवखा खेळाडू असेल तर आपण होऊन हा हक्क सोडावा, आणि त्याचे राहिलेले गुण त्यालाच मोजून दाखवावेत.