गळा मोकळा झाला पाहिजे

"बाई, यंदा दहावीचं वर्ष. हिचं गाणं वर्षभर बंद ठेवते." दर जूनमध्ये दोन-तीन जणी तरी हे सांगायला येतातच. त्याच आठवड्यात तिसरी-चौथीतल्या मुलींच्या आयाही येतात. त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं की गाण्यानं बुद्धी तल्लख होते, गणित सुधारतं. एकीला गाणं म्हणजे अडथळा वाटतो, दुसरीला टॉनिक! तालुक्याच्या गावात शाळेत संगीत शिकवणाऱ्या माझ्यासारखीनं यावर काय बोलावं?

मैत्रिणींनो, बुद्धीचं आधी सांगून टाकते. २००४ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञानं सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग केला. काहींना पियानो वा गाणं शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. गाणंवाल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला, पण अगदी थोडाच. पुढे २०२० मध्ये असे पुष्कळ प्रयोग एकत्र ताडून पाहिले गेले, तेव्हा नीट आखलेल्या प्रयोगांत हा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे गणितासाठी गणितच करायला हवं.

मग गाणं कशासाठी? माझ्या वर्गात येऊन बघा. सातवीतली एक मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची तेही पुटपुटत. घरी "हळू बोल, हळू हस" ऐकत वाढलेली. समूहगीतात तिला मागच्या रांगेत उभं केलं. पेटीवर काळी चारचा सूर धरला आणि म्हटलं, पोटातून श्वास घे, तोंड उघड, आवाज सोड. पंधरा दिवस नुसते ओठ हलत होते. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीच्या आवाजाच्या आधारानं सूर बाहेर पडला. स्नेहसंमेलनात मधलं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. तिची आई प्रेक्षकांत बसून शेजारच्या बाईला विचारत होती, "ही आमचीच का हो?" मुलीला मोठ्यानं बोल असं सांगणारी जागा आपल्याकडे आहेच कुठं?

समूहात गायचं म्हणजे आधी ऐकायचं. एखादी पुढे पळाली की सगळ्यांचा ठेका बिघडतो. तिला ढकलून चालत नाही, डोळ्यांनी सावरून घ्यावं लागतं. रंगमंचावर शब्द विसरला तर थांबायचं नाही, पुढच्या समेवर पकडायचं. हे शंभरदा सांगून जमत नाही, एकदा लोकांसमोर घडलं की जमतं. म्हणून नुसत्या क्लासवर मी समाधानी नसते. मुलांना गायला मिळालं पाहिजे, मग ते १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला का असेना. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, हसं होतं, आणि ते गाणंच सोडतात. त्यांना त्या काळात तबल्यावर बसवावं.

कुरुंदवाडसारख्या छोट्या गावात १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा चांगल्या घरच्यांनी गाणं शिकणं कमीपणाचं मानलं जाई. बायकांचं तर नावच नको. आज आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देतात, त्या याच परंपरेतल्या. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात. नियम मधूनमधून बदलतात, तेवढं शाळेत विचारून घ्या. पण गुणांसाठी ठरावीक राग घोकून घेणारे क्लास पाहिले की माझा जीव कळवळतो. परीक्षा पास, आणि पाहुण्यांसमोर मात्र मुलीचा गळा बंद!

राहता राहिला दहावीचा वेळ. आमच्या शाळेत आठवड्याला दोन तासिका तालमीच्या, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. टीव्हीवरच्या एका मालिकेला आठवड्यात याहून जास्त वेळ जातो, खरं ना?

शाळेत संगीताची बाईच नसेल तर? निदान २०२३ पासून जे राज्यगीत झालंय, राजा बढे यांनी लिहिलेलं आणि शाहीर साबळे यांनी गाजवलेलं, ते तरी स्पीकरवर न लावता मुलांकडून म्हणून घ्या असं पालकसभेत सांगता येईल. आणि पेटी कुठं आहे ते विचारा. पुष्कळ शाळांत ती कपाटावर धूळ खात असते, भाता फाटलेला, दोन पट्ट्या अडकलेल्या. दुरुस्त करणारा जिल्ह्याच्या गावी हमखास सापडतो. चार आयांनी वर्गणी काढली तर दिवाळीच्या सुट्टीत काम होऊन २६ जानेवारीच्या तालमी पेटीवर सुरू होतील.