रुग्णालयीन चाचणी

रुग्णालयीन चाचणी : एखादा उपचार कितपत गुणकारी व निर्धोक आहे, हे रुग्णांच्या संमतीने, आधी ठरविलेल्या पद्धतीनुसार तपासणे. कोणास कोणता उपचार मिळावा, हे बहुधा यदृच्छेने ठरवितात. वैद्याच्या पसंतीचा परिणाम निष्कर्षावर होऊ नये, हा त्यामागील हेतू. एका गटास औषधावाचून ठेवतात, ही रुग्णांची भीती सरसकट खरी नाही. महाड (जि. रायगड) येथे हिंमतराव बावस्कर व सहकारी यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीत (प्रसिद्धी २०११) प्राझोसिन हे आधीच उपयुक्त ठरलेले औषध सर्वांनाच दिले होते, प्रतिविष मात्र निम्म्यांना. दहा तासांत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे पूर्णपणे ओसरली, इतर ३५ पैकी केवळ ८ जणांची. प्राझोसिनने रुग्ण बरे होतच असल्याने, तुलनेवाचून हा फरक ध्यानात येणे कठीण होते.

नुसता अंगठा उठविणे म्हणजे संमती नव्हे. संभाव्य धोके रुग्णास समजेल अशा भाषेत सांगावे लागतात. तो निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार लागतो. रुग्णास केव्हाही माघार घेता येते व त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. नवीन औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास भारतात २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचारांची व भरपाईची तरतूद आहे.