परिषदांतील थेट लेखन

परिषदांतील थेट लेखन : उद्योगधंदे, तंत्रविद्या, वैद्यक इ. क्षेत्रांतील परिषदांना उपस्थित राहणाऱ्यांनी तेथील भाषणे व चर्चा चालू असतानाच त्यांचा सारांश, त्यांवरील अभिप्राय किंवा छायाचित्रे समाजमाध्यमांद्वारे प्रसृत करण्याची प्रथा. वृत्तपत्राच्या वार्ताहराचे वृत्त संपादकाच्या नजरेखालून गेल्यावर वाचकांपुढे येते. येथे श्रोता हाच वार्ताहर असतो, संपादक कोणीच नसतो आणि वक्ता खाली बसण्यापूर्वी त्याचे म्हणणे सभागृहाबाहेर पोहोचलेले असते. त्यामुळे निमंत्रितांपुढे किंवा शुल्क भरून आलेल्या प्रतिनिधींपुढे केलेले भाषण खाजगी समजावे की सार्वजनिक, हा प्रश्न या प्रथेने तीव्रतेने पुढे आणला. त्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप सापडलेले नाही.

सभागृहांत बिनतारी आंतरजाल-जोडणी उपलब्ध झाल्यावर हे लेखन शक्य झाले. ईस्थर डायसन यांच्या ‘पीसी फोरम’ या अमेरिकेतील संगणक-उद्योगाच्या परिषदेत २००२ साली घडलेला प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. क्वेस्ट या दूरध्वनी कंपनीचे प्रमुख जोसेफ नाचिओ हे भांडवल उभारण्यातील अडचणींविषयी व्यासपीठावरून तक्रार करीत होते. श्रोत्यांत बसलेले पत्रकार डॅन गिलमोर व लेखक डॉक सर्ल्झ त्यावर आपापल्या ब्लॉगवर लिहीत होते. ते लेखन फ्लॉरिडात बसून वाचणाऱ्या एका वकिलाने, नाचिओ यांनी कंपनीचे भाग विकून मोठी रक्कम मिळविल्याची माहिती दोघांनाही धाडली. त्यांनी ती लगोलग प्रसिद्ध केली, सभागृहातील इतर श्रोत्यांनी ती आपल्या संगणकांवर वाचली आणि सभेचा नूर पालटला. व्यासपीठावरील वक्त्याला मात्र यातले काही दिसत नव्हते. सभागृहात न आलेला मनुष्य सभेत भाग घेऊ शकतो व वक्त्याच्या नकळत श्रोते परस्परांशी बोलू शकतात, या दोन्ही गोष्टी येथे एकदमच प्रत्ययास आल्या.

ट्विटर ही सेवा २००६ मध्ये सुरू झाल्यावर प्रथेस वेग आला. मार्च २००७ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे भरलेल्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या मेळाव्यात मार्गिकांमध्ये मोठे पडदे लावून त्यांवर उपस्थितांचे संदेश दाखविण्यात आले; त्या दिवसांत ट्विटरवरील रोजच्या संदेशांची संख्या सु. २०,००० वरून सु. ६०,००० वर गेली. एका परिषदेविषयीचे विखुरलेले संदेश एकत्र वाचता यावेत, यासाठी शब्दापूर्वी विशिष्ट चिन्ह लावून हॅशटॅग करण्याची सूचना ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये केली. त्यांनी उदाहरणादाखल घेतलेला ‘बारकॅम्प’ हा शब्दही तंत्रज्ञांच्या एका परिषदमालिकेचेच नाव होते. पुढे परिषदेचे संक्षिप्त नाव व वर्ष मिळून झालेला हॅशटॅग निमंत्रणपत्रिकेवरच छापण्याचा प्रघात पडला.

हे लेखन वाटते तितके सोपे नाही. संदेशास आरंभी १४० अक्षरांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये बहुतेक भाषांसाठी २८० करण्यात आली. एवढ्या जागेत वक्त्याचे नाव, विधान व हॅशटॅग बसवावयाचे, तेही पुढचे वाक्य कानावर पडत असताना. अशा वेळी प्रथम गळतात ती विधानास मर्यादा घालणारी पदे. उदा., औषधाचा गुण उंदरांवरील प्रयोगात दिसला, यातील ‘उंदरांवरील’ हा शब्द गळाला की विधानाचा अर्थच बदलतो. वक्त्याचे शब्द कोणते व लेखकाचे मत कोणते, हे वेगळे दाखविणे ही चांगल्या थेट लेखनाची पहिली कसोटी होय. बहुसंख्य संदेश तीस उतरत नाहीत. लिहिणाऱ्याचे अवधानही विभागले जाते. परंतु प्रवासखर्च न परवडणाऱ्या दूरच्या अभ्यासकास परिषदेत काय चालले आहे हे त्याच दिवशी कळते, हा लाभ लहान नव्हे.

वक्त्यावरील परिणामाचे बोलके उदाहरण न्यूयॉर्क येथे नोव्हेंबर २००९ मध्ये भरलेल्या ‘वेब २.०’ प्रदर्शन-परिषदेतील आहे. समाजमाध्यमांच्या अभ्यासक डॅना बॉइड भाषण करीत असता श्रोत्यांचे संदेश त्यांच्या पाठीमागील पडद्यावर झळकत होते. त्या फार भरभर बोलत होत्या. पडद्यावर प्रथम त्याबद्दलचे शेरे आले, मग थट्टा सुरू झाली व सभागृहात हशा पिकू लागला. श्रोत्यांना सर्व दिसत होते. बॉइड यांना केवळ हसू ऐकू येत होते व त्याचे कारण उमजत नव्हते. त्यांनी नंतर या अनुभवाचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. येथे दोष थेट लेखनाचा म्हणण्यापेक्षा तो पडदा तेथे लावणाऱ्या योजनेचा म्हणणे अधिक योग्य ठरेल. कुजबूज सर्वच सभांत होते, ती वक्त्याच्या डोक्यामागे मोठ्या अक्षरांत लिहून दाखविली जात नाही.

अप्रकाशित संशोधनाच्या बाबतीत तंटा निराळ्या स्वरूपाचा आहे. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या परिषदांत वार्ताहरांना वक्त्याची पूर्वसंमती घ्यावी लागे, प्रतिनिधींवर मात्र तसे बंधन नव्हते. २००९ मधील जीनोमविषयक सभेतून एका संशोधकाने ब्लॉगवर वृत्ते दिली, तेव्हा व्यावसायिक वृत्तसंस्थेने या भेदाकडे लक्ष वेधले आणि थेट लिहिणाऱ्या प्रतिनिधींनाही संमतीचा नियम लागू करण्यात आला. जून २०१७ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने सॅन डिएगो येथील अधिवेशनात स्लाइडांची छायाचित्रे प्रसृत करणाऱ्यांना ती काढून टाकण्यास सांगितले. त्यावर मोठी टीका झाली व खुद्द त्या सूचनेमुळेच छायाचित्रांचा बोलबाला अधिक झाला. गॉर्डन संशोधन परिषदांत पूर्वीपासूनच सर्व चर्चा खाजगी मानली जाते. माहिती वापरावी पण ती कोणी दिली हे सांगू नये, हा १९२७ पासूनचा चॅटम हाउस नियमही काही उद्योग-परिषदांना सोयीचा वाटतो. इतरत्र वक्ता स्लाइडच्या कोपऱ्यात अनुमती वा मनाई दर्शविणारे चिन्ह छापतो.

एकस्वाची (पेटंटची) हानी होते, हा आयोजकांचा नेहमीचा आक्षेप पूर्णतः खरा नाही. यूरोपीय कायद्यानुसार अर्जापूर्वी शोध कोणत्याही मार्गाने सार्वजनिक झाल्यास त्याची नवीनता संपते व गुप्ततेचे बंधन नसलेल्या श्रोत्यांपुढील तोंडी भाषणही त्यास पुरेसे होते. अमेरिकेत संशोधकास स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत आहे. म्हणजे हानी भाषणानेच होते. थेट लेखन तिचा दिनांक-वेळेसह पुरावा मागे ठेवते, इतकेच.

थेट लेखनाचा विषय वक्ताच असतो असे नाही. कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा येथे मार्च २०१३ मध्ये ‘पायकॉन’ परिषदेत मागील रांगेतील दोघांचे विनोद आक्षेपार्ह वाटल्याने एका प्रतिनिधीने त्यांचे छायाचित्र ट्विटरवर टाकले. काही दिवसांतच त्या दोघांपैकी एकाची व पाठोपाठ छायाचित्र टाकणाऱ्या स्त्रीचीही नोकरी गेली. तिला अत्यंत हिंस्र धमक्याही आल्या. समोरासमोर किंवा आयोजकांमार्फत मिटू शकणारी तक्रार लक्षावधी अपरिचितांपुढे गेल्यावर तिच्यावर कोणाचाच ताबा राहिला नाही.

या लेखनाच्या जतनाची व्यवस्था अपुरी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक संदेश साठविण्याचा करार केला; २०१८ च्या आरंभापासून हा संग्रह निवडक करण्यात आला. २०२३ मध्ये ट्विटरने अभ्यासकांना मिळणारी संदेशांची विनामूल्य उपलब्धता बंद केली व त्याच वर्षी जुलैत ‘एक्स’ असे नाव धारण केले. त्यानंतर अनेक परिषदांचे थेट लेखन लिंक्डइन, मॅस्टोडॉन, ब्लूस्काय इत्यादींवर विभागले गेले असून एका हॅशटॅगखाली संपूर्ण परिषद वाचावयास मिळण्याची पूर्वीची सोय बव्हंशी उरलेली नाही.