जंत पुन्हा पुन्हा का होतात? पाळीव कुत्र्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

"मागच्याच महिन्यात गोळी दिली होती, तरी पुन्हा जंत!" कुत्रा पाळणाऱ्या घरांतून ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि पावसाळ्यात जास्तच. जबलपूरच्या रांझीत तर तिला जागेचीही साथ मिळते. खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी आणि ग्रे आयर्न फाउंड्री यांच्या आधाराने हे उपनगर वाढले. कारखान्यांच्या वसाहतींत क्वार्टरपुढे अंगण, मागे मोकळी जागा आणि झाडांखाली सावलीतली माती. त्याच वाटांवर घरची कुत्री फिरतात आणि गल्लीतलीही. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ही माती ओली आणि उबदार राहते. जंतांची अंडी आणि अळ्या यांना अगदी असेच हवामान मानवते.

अशा वेळी मालक औषध बदलतो, डोस वाढवतो किंवा शेजाऱ्याने सांगितलेला उपाय करतो. पण जंत परत येतात ते बहुतेक वेळा औषध खोटे निघाल्यामुळे नव्हे. गोळी आज आतड्यात असलेले जंत मारते. मातीतली अंडी, कुत्र्याच्या स्नायूंत लपलेल्या अळ्या आणि अंथरुणातल्या पिसवा यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. तेव्हा जंत नेमके कुठून परत येतात, हे आधी शोधायला हवे. त्या शोधाच्या आड येणारे गैरसमज असे आहेत.

गैरसमज 1: एकदा गोळी दिली की तीन महिने काळजी नाही.

वस्तुस्थिती: जंतांच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम फार तर दिवस-दोन दिवस टिकतो. लस पुढच्या आजारापासून संरक्षण देते, गोळी देत नाही. आज गोळी घेतलेला कुत्रा परवा दूषित माती चाटून आला, तर नवा संसर्ग सुरू होतो. मोठ्या कुत्र्याला वर्षातून किमान चार वेळा औषध द्यावे, हा सर्वसाधारण सल्ला आहे. पण बाहेर जास्त फिरणाऱ्या, उंदीर-घुशी धरणाऱ्या किंवा लहान मुलांच्या घरात राहणाऱ्या कुत्र्याला ते अधिक वेळा लागू शकते.

म्हणून घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा लिहाव्यात: औषध दिल्याची आणि जंत पुन्हा दिसल्याची. दोन्हींमधले अंतर डॉक्टरांना फार उपयोगी पडते. अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म, नव्या संसर्गानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत अंडी घालू लागतो. गोल जंताला चार-पाच आठवडे लागतात. चाबूककृमी, म्हणजे व्हिपवर्म, जवळजवळ तीन महिने घेतो. पिसवांतून येणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिसतो.

गैरसमज 2: शी स्वच्छ दिसते, म्हणजे पोटात जंत नाहीत. आणि असले तरी जंताची कोणतीही गोळी चालते.

वस्तुस्थिती: गोल जंत बोटभर किंवा त्याहून लांब असतो, त्यामुळे उलटीत किंवा शीत पडला तर दिसतो. अंकुशकृमी जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा असतो आणि आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. कुत्र्याच्या हिरड्या फिकट पडणे, तो लवकर थकणे, शी काळी आणि चिकट होणे, ही त्याची लक्षणे. लहान पिल्लू या रक्तक्षयाने काही दिवसांत दगावू शकते.

औषधांचेही तसेच. प्राझिक्वांटेल पट्टकृमी मारते, गोल जंत नाही. पायरँटेल गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर चालते, पण चाबूककृमीवर नाही. चाबूककृमीसाठी फेनबेंडाझोल किंवा फेबँटेलसारखे औषध लागते, आणि तेही ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते. पिल्लांच्या सततच्या जुलाबामागे कधी कधी कॉक्सिडिया असतो. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे, आणि जंतांच्या गोळीला दाद देत नाही.

म्हणून शीची तपासणी करून घ्यावी. सकाळची ताजी शी, अंगठ्याच्या पेराएवढी, स्वच्छ झाकणाच्या डबीत घालून काही तासांत पोहोचवावी. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत बांधून, अन्नापासून वेगळी, फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीझरमध्ये नको. एक तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण अंडी रोज सारख्या संख्येने पडत नाहीत. पट्टकृमीचे तुकडे तर या तपासणीतून पुष्कळदा निसटतात. ते शेपटीखालच्या केसांत आणि अंथरुणावर शोधावेत. वाळले की ते भाताच्या शितासारखे दिसतात.

गैरसमज 3: पिल्लू अजून घराबाहेर पडलेले नाही, त्याला जंत कुठून होणार?

वस्तुस्थिती: आईकडून. कुत्रीच्या स्नायूंत गोल जंताच्या अळ्या वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा झाला की त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत शिरतात. उरलेल्या अळ्या दुधातून जातात. अंकुशकृमीच्या अळ्याही दुधातून उतरतात. त्यामुळे तीन आठवड्यांचे पिल्लू, डोळे उघडून जेमतेम थोडे दिवस झालेले, शीतून अंडी टाकू लागते.

यासाठी पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून औषध सुरू करतात. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. त्याच वेळी आईलाही द्यावे लागते, कारण पिल्लांना चाटताना ती अंडी आणि अळ्या पुन्हा गिळते. गाभण कुत्रीला गर्भाच्या 40व्या दिवसापासून पिल्ले 14 दिवसांची होईपर्यंत रोज फेनबेंडाझोल देण्याची पद्धतही आहे. ती मात्र पशुवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावी.

गैरसमज 4: आमचा कुत्रा बाहेर काहीही खात नाही, त्यामुळे त्याला धोका नाही.

वस्तुस्थिती: जंत तोंडातूनच शिरतात असे नाही. 1898 साली कैरोमध्ये आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर अंकुशकृमीच्या अळ्यांचे पाणी चुकून सांडले. त्वचेला खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या विष्ठेत जंतांची अंडी सापडली. अळ्या धडधाकट त्वचेतून आत शिरतात, हे त्यातून कळले. तो माणसाचा अंकुशकृमी होता, पण कुत्र्याचा अंकुशकृमीही हाच मार्ग वापरतो. ओल्या मातीत पोट टेकून लोळणे त्याला पुरते.

दुसरी वाट पिसवेची. पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते, ती मोठी होऊन कुत्र्याच्या अंगावर येते, आणि खाजवताना कुत्रा तिला गिळतो. पिसवा असेपर्यंत पट्टकृमी परत येणारच. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येचा लहानसा भाग असतात. अंडी, अळ्या आणि कोष चटईत, सोफ्याच्या फटीत, गाद्यांच्या शिवणीत असतात. म्हणून पिसवांचे औषध घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, सलग काही महिने द्यावे. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे.

तिसरी वाट कच्च्या मांसाची. मटणाच्या दुकानातून आणलेले काळीज, फुप्फुस कच्चे घातले तर एकायनोकोकस हा अगदी लहान पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढू शकतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड गाठी तयार होतात. मांस चांगले उकळूनच घालावे.

गैरसमज 5: गोळी लागू पडली नाही, आता दुप्पट डोस द्यावा.

वस्तुस्थिती: डोस वाढवण्याआधी काही प्रश्न विचारावेत. गोळी वजन करून दिली होती का? वाढत्या पिल्लाचे वजन महिन्यात बरेच वाढते, मागचा डोस त्याला अपुरा पडतो. गोळी गालात धरून त्याने नंतर थुंकली का? थोड्या वेळात उलटी झाली का?

अंकुशकृमीच्या बाबतीत आणखी एक कारण असते. आतड्यातले जंत मेले की स्नायूंत दबा धरून बसलेल्या अळ्या आतड्यात उतरून त्यांची जागा घेतात. नवा संसर्ग न होताही तीन-चार आठवड्यांनी अंडी पुन्हा दिसतात. अशा कुत्र्याला काही महिने ठरावीक अंतराने औषध आणि मध्ये मध्ये तपासणी लागते. औषधांना न जुमानणारे अंकुशकृमीही आता आढळले आहेत. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत ते ठळकपणे दिसले. हा संशय असेल तर औषधाच्या दिवशी आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी अंड्यांची संख्या मोजून तुलना करतात. अंदाजाने औषधे बदलत राहिल्याने मात्र हा प्रश्न अधिक बिकट होतो.

गैरसमज 6: गोड खाल्ल्याने जंत होतात, लसूण, कारल्याचा रस दिला की जातात.

वस्तुस्थिती: जंत अंड्यातून किंवा अळीतून येतात, गुळातून किंवा बिस्किटातून नाही. गोड कमी करणे कुत्र्याच्या दातांसाठी आणि वजनासाठी चांगले, पण त्याने जंत थांबत नाहीत. लसूण तर धोक्याची आहे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. अंकुशकृमीने आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला लसूण देणे म्हणजे त्याचा रक्तक्षय आपल्या हाताने वाढवणे.

गैरसमज 7: बूड घासत चालतो, गवत खातो, म्हणजे जंतच.

वस्तुस्थिती: बूड घासण्याचे जास्त नेहमीचे कारण गुदग्रंथी भरणे हे असते. त्या डॉक्टर दाबून रिकाम्या करतात. ॲलर्जीनेही खाज येते. गवत तर निरोगी कुत्रेही खातात. या लक्षणांवर दर वेळी जंताची गोळी दिली, तर खरे दुखणे तसेच राहते.

गैरसमज 8: अंगण रोज फिनाईलने धुतो, तिथे जंत राहणार नाहीत.

वस्तुस्थिती: गोल जंताची मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. या अंड्यांचे कवच जाड आणि चिकट असते. फिनाईल, ब्लीच यांसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पण त्यांची एक कमजोरी आहे: ताज्या शीतली अंडी संसर्ग करू शकत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. शी रोजच्या रोज उचलली तर अंडी मातीत मिसळण्याआधीच जातात. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र उबदार ओलीत आठवडाभरात तयार होतात, त्यामुळे पावसाळ्यात एक दिवसही चुकवू नये. फरशीवर उकळते पाणी ओतावे. अंगणात ऊन पोहोचेल असे गवत कापावे आणि पाणी साचू देऊ नये. अळ्या वाळल्या की मरतात.

गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांनी पशुवैद्याला विचारून त्यांनाही जंताचे औषध द्यावे. वाट सगळ्यांची एकच असते.

गैरसमज 9: मुलांची शाळेतली गोळी किंवा गुरांचे इंजेक्शन कुत्र्यालाही चालते.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी माणसाच्या मुलांच्या जंतांसाठी आहे. कुत्र्यात हे औषध अस्थिमज्जेला इजा करू शकते. गुरांच्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनची मात्रा कुत्र्याच्या वजनाला मोजताना सहज चुकते, आणि कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत त्याचे मेंदूवर घातक परिणाम होतात.

गैरसमज 10: कुत्र्याचे जंत माणसाला होत नाहीत, किंवा मुलांचे सगळे जंत कुत्र्यामुळेच होतात.

वस्तुस्थिती: दोन्ही टोके चूक. रात्री गुदाजवळ खाज आणणारा मुलांचा बारीक पांढरा जंत माणसाकडूनच माणसाला होतो, त्यात कुत्र्याचा दोष नाही. पण गोल जंताची अंडी मातीतून मुलाच्या तोंडात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांत जाऊन नजरेला इजा करतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायात शिरून त्वचेखाली वळणदार, खाजरी रेघ उमटवतात. संक्रमित पिसू गिळली गेली तर लहान मुलाला पट्टकृमीही होऊ शकतो. त्यावर कुत्रा घराबाहेर काढणे हा उपाय नाही. मातीत खेळून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, पायांत चपला, झाकलेला वाळूचा ढीग आणि कुत्र्याला वेळेवर औषध, एवढे पाळले की मूल आणि कुत्रा एका अंगणात निर्धोक वाढतात.

मग सुरुवात कुठून?

पुढची गोळी विकत घेण्याआधी शीची डबी तपासायला द्या. रांझीकरांना यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. जबलपूरला 1948 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. 2009 मध्ये स्थापन झालेल्या ज्या विद्यापीठाचे ते आता अंग आहे, त्याला हिंगोलीच्या कडोलीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव दिले आहे. जंत कोणता ते कळले की क्रम सरळ आहे: वजन करून त्या जंताचे औषध, घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी, त्याच दिवसापासून शी रोज उचलणे आणि पिसवांचा बंदोबस्त, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. हिरड्या पांढरट दिसल्या, शीत रक्त आले किंवा पिल्लाने खाणे सोडले, तर तपासणीच्या निकालाचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.