भाकरी बुडत का नाही

महाबळेश्वराहून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते आणि कराडची वाट धरते. आम्ही नेमके उलट जायचो. शनिवारी दुपारी कराडहून चिपळूणकडे जाणारी एसटी पकडायची, कोयनानगरला मित्राच्या घरी मुक्काम ठोकायचा आणि रविवार नदीवर घालवायचा. कोयना धरणाच्या भिंतीजवळ शिवसागर जलाशयात शिरायला सुरक्षेमुळे मनाई, म्हणून आमचं सगळं राज्य खालच्या पात्रात. धंदा एकच, पाण्यात भाकऱ्या काढणे, म्हणजे चपटा गोटा पाण्यावर उड्या घेत जाईल असा फेकणे.

गोटा निवडण्यातच अर्धी कला होती. पापडासारखा पातळ नको, वाऱ्यावर भरकटतो. भाकरीसारखा हवा, मधे किंचित जाड आणि कडेला गोल. कमरेत वाकून, हात आडवा फिरवून, सुटताना तर्जनीने गिरकी द्यायची. टप, टप, टप. माझ्या सहा-सात व्हायच्या, एका मित्राच्या मोजता मोजता आकडा चुकायचा.

दगड तो दगड, पहिल्याच उडीला बुडायला हवा. मग तो का बुडत नाही? आमचं उत्तर होतं, ‘फेकणाऱ्याच्या हातात आहे.’ 2004 मध्ये फ्रान्सच्या काही शास्त्रज्ञांनी हेच उत्तर जरा नीट दिलं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या चकत्या यंत्राने पाण्यावर मारून पाहिल्या. चकती आणि पाणी यांच्यात साधारण वीस अंशांचा कोन असला की उडी सगळ्यांत छान बसते. गिरकीचं काम तो कोन टिकवण्याचं. भोवरा फिरतोय तोवर पडत नाही, तसंच.

पण मुळातली गंमत पाण्यातच आहे. पाण्याला बाजूला सरकायला वेळ लागतो. हळू आलात तर ते शहाण्यासारखं वाट देतं. घाईने आलात तर त्याला हलायला फुरसतच मिळत नाही आणि ते दगडाखाली जणू फरशी होऊन बसतं. पोटावर सपाट उडी मारणाऱ्या प्रत्येकाला ही फरशी ठाऊक आहे.

एका उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाने वॉटर स्कीइंगचा फोटो कुठल्याशा मासिकात पाहिला आणि रविवारी तो सेंट्रिंगची फळी आणि विहिरीचा सोल घेऊन हजर झाला. मोटरबोट नव्हती, पण राजदूत मोटरसायकल होती. सोलाचं एक टोक गाडीला, दुसरं फळीवाल्याच्या हातात. गाडी काठच्या गोट्यांवरून उसळत निघाली. फळीवाला फळीवर उभा राहिला, म्हणजे गुडघ्यापर्यंत पाण्यात राहिला, आणि सोलाच्या ओढीने तिरका काठाकडे येऊन गवतात आदळला. तीन वेळा. चौथ्यांदा फळी एकटीच वाहून गेली.

चूक कुठे झाली ते आता सांगता येतं. तिरकी फळी पाणी पुढे आणि खाली ढकलते, आणि पाणी तिला वर ढकलतं. हा आधार वेगाच्या वर्गाने वाढतो. फळी तीच आणि कोन तोच असेल, तर ताशी 10 किलोमीटरला जेवढा आधार मिळतो त्याच्या नऊपट 30 ला मिळतो. मोठ्या माणसाला स्कीवर नीट उभं राहायला तिशीच्या आसपासचा वेग लागतो. आमची राजदूत गोट्यांवर दहा-बाराच्या पुढे गेलीच नाही.

बरं, या फजितीला फार थोर पूर्वज आहे. 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात पेपिन तलावावर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की, दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने आठ फुटी लाकडी फळ्या घेतल्या आणि टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. बोट भाऊ चालवायचा. तरीही तो पडतच राहिला. मग 2 जुलैला, एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, त्याच्या लक्षात आलं की मागे रेलायचं आणि स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेवायची. म्हणजे दगडाचाच कोन. दगडाला तो गिरकीने टिकवावा लागतो, माणसाला गुडघ्यांनी. अजूनही नवशिक्याला तेच सांगतात: गुडघे छातीशी घे, हात ताठ ठेव, उठायची घाई करू नकोस, बोटीला तुला उठवू दे.

आमची फळीकथा ऐकून मित्राचे काका, पोफळीच्या वीजघरात नोकरीला असलेले, जेवता जेवता हसून म्हणाले, “तुम्ही फळी पाण्यावर पळवताय. आमच्याकडं पाणीच फळीवर पळतंय.”

त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी लागला. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाच्या बाजूला जवळपास पावणेपाचशे मीटर खाली उतरतं आणि नळीच्या तोंडातून ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने सुटतं. समोर पेल्टन चाक. त्याच्या कडेला वाट्या, दोन करवंट्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशा, मधे धारदार वरंबा. धार वरंब्यावर दुभंगते, दोन्ही करवंट्यांतून वळून उलटी फिरते आणि सगळा जोर चाकाला देऊन दमून खाली पडते. मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे. तसं ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं होतं.

2024 मध्ये त्याच शिवसागरावर, वर जावळी तालुक्यात मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघे तिथे गेलो. फळीवाल्याचे केस पूर्ण पांढरे. स्पीडबोट किनाऱ्यापासून हळूहळू निघाली तेव्हा मी हात बाहेर टाकला. बोटं पाण्यात अलगद शिरली, मधून गार पाणी वाहू लागलं. मग बोटीने वेग घेतला. मी तळवा किंचित तिरका धरला आणि तो पाण्यात जाईचना. टप, टप, टप. फळीवाला मोजू लागला.

“काका, हात आत घ्या!” बोटवाला मुलगा ओरडला.