‘सी’ मिळालेली तपासणी

धडधाकट माणसाने कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात, हे अमेरिकेत 16 तज्ज्ञांची एक समिती सुचवते. तिचं नाव यू. एस. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स. 1984 पासून तिचं काम चालू आहे. प्रत्येक शिफारशीला ती एक अक्षर देते, आणि ते अक्षर प्रगतिपुस्तकासारखं वाचलं की घोटाळा होतो.

अक्षर ठरतं दोन प्रश्नांवर. फायद्यातून नुकसान वजा केलं तर हाती काय उरतं? आणि त्या उत्तराची खात्री किती? खर्च हिशेबात धरत नाहीत. शिल्लक भरघोस आणि खात्री पक्की, तर ‘ए’. प्रौढांचा रक्तदाब मोजणं त्यात येतं. ‘बी’ त्याच्या खालोखाल. ‘डी’ म्हणजे करू नका. ‘आय’चा अर्थ मात्र ‘निरुपयोगी’ नव्हे. पुरावा अपुरा, म्हणून सांगता येत नाही, इतकाच. लक्षणं नसलेल्यांची ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी 2021 मध्ये तिथेच राहिली.

खरी गुंतागुंत ‘सी’ची. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्ततपासणी घ्या. समितीचा 2018 चा हिशेब असा: 55 ते 69 वयाच्या 1000 पुरुषांना ही तपासणी देऊ केली, तर सुमारे 240 जणांचा आकडा वाढलेला निघतो. बायॉप्सीनंतर 100 जणांना कर्करोग असल्याचं कळतं. त्यांपैकी 20 ते 50 जणांना त्या गाठीने जन्मभर त्रास दिला नसता. 80 जण शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतात. 50 जणांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, 15 जणांचं लघवीवरचं नियंत्रण जातं. मृत्यू टळतो एखाद-दुसऱ्याचा.

तो एक जीव मोलाचाच आहे. म्हणूनच समिती इथे सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. ‘सी’चा अर्थ हाच: शिल्लक थोडी, निर्णय ज्याने त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. 2012 मध्ये याच तपासणीला ‘डी’ होता. पुढे अभ्यासांतला पाठपुरावा लांबला, हळू वाढणाऱ्या गाठीवर उपचार न करता नुसती नजर ठेवण्याची पद्धत रुळली, आणि 2018 मध्ये 55 ते 69 वयासाठी ‘डी’चा ‘सी’ झाला. सत्तरीपुढे ‘डी’ कायम राहिला.

2010 च्या कायद्यानुसार तिथल्या बहुतेक खासगी विम्यांना ‘ए’ आणि ‘बी’ सेवा मोफत द्याव्या लागतात. ‘सी’ला ते बंधन नाही. पण पैशांआधी निर्णयाचा प्रश्न येतो, म्हणून न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या साठीच्या मराठी काकांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं: घरात कुणाला हा कर्करोग झाला होता का? आणि गाठ निघालीच, तर तिच्याकडे वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवून राहणं मला झेपेल का?