पट्टा काढला की गाडी पळते का?

आजचा प्रश्न आलाय कुंभकोणमहून. तंजावरला मराठी राज्य होतं तेव्हापासून कावेरीकाठी स्थिरावलेलं हे घर आहे आणि घरात अजून मराठी बोलतात. मामांनी विचारलंय ते असं: "भाच्याकडे जुनी 1.3 लिटरची पेट्रोल सेडान आहे. ती घेऊन तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ड्रॅग रेसला जाणार म्हणतो. मित्रांनी सांगितलंय की इंजिनचे पट्टे काढून टाक, अर्धा सेकंद वाचेल. काढू द्यावेत का?"

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, थांबलेल्या गाडीपासून सुरुवात आणि 402 मीटर, म्हणजे पाव मैल. वळण नाही, काही नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. चेन्नईकडे तर ही हौस जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं गाड्या पळाल्या आणि 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला. अशा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागालाही किंमत असते, त्यामुळे मित्रांचा सल्ला वेडगळ नाही. तो कुठून आला ते आधी बघू.

जुनी पिठाची गिरणी आठवा. मोटर फिरते, तिच्यावरून लांब पट्टा जात्याकडे जातो. दळण टाकलं की मोटरचा आवाज जड होतो आणि पट्टा रिकाम्या पुलीवर सरकवला की ती हलकी फिरते. कुंभकोणमच्या आसपास भातगिरण्या भरपूर, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाडीचं इंजिनही तसंच. समोरच्या पुलीवरून निघालेले पट्टे चार कामं करतात. एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा तेलपंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर (गॅरेजमध्ये याला अजून डायनामो म्हणतात) आणि इंजिनमधलं पाणी फिरवणारा वॉटर पंप. ही चारही दळणं इंजिनच दळतं. ती काढली तर चाकांना जास्त ताकद मिळेल, हा हिशेब बरोबर आहे. पण किती जास्त?

एकेक घेऊ. सगळ्यात खादाड एसी. चालू असताना छोट्या गाडीत तो तीन ते पाच हॉर्सपॉवर सहज खातो. पण एसीचं बटण बंद केलं की कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच सुटतो, पुली नुसती बेअरिंगवर फिरते आणि भार जवळजवळ शून्य होतो. म्हणजे सगळ्यात मोठी बचत पाना न लावता, एका बटणात मिळाली. त्यानंतर एसीचा पट्टा काढून हाती काही लागत नाही.

आता अल्टरनेटर. शर्यतीत पेट्रोल पंप, इग्निशन, रेडिएटरचा पंखा मिळून 30 अँपिअर धरू. 14 व्होल्ट गुणिले 30 म्हणजे 420 वॅट. अल्टरनेटर स्वतः बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतो, म्हणून इंजिनकडून तो सुमारे 750 वॅट घेतो. म्हणजे एक हॉर्सपॉवर. स्टिअरिंगचा पंप चाकं सरळ असताना साधारण तेवढाच. दोन्ही मिळून झाले दोन.

दोन हॉर्सपॉवरने काय होतं? ड्रॅगचा एक जुना अंदाजी नियम आहे: लागणारा वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. सोप्या भाषेत, ताकद तीन टक्के वाढली तर वेळ एकच टक्का कमी होतो. भाच्याची गाडी 85 हॉर्सपॉवरची आणि माणसासकट 1000 किलोची धरली, तर 402 मीटरला 17 सेकंदांच्या जरा वर लागतील. त्यात दोन हॉर्सपॉवर वाढले की वाचतात 0.13 सेकंद. अर्धा सेकंद वाचवायला आठ हॉर्सपॉवर लागतील, आणि तेवढं या पट्ट्यांवर नाहीच. दुसऱ्या गिअरला हात अडखळला तरी याहून जास्त वेळ जातो.

आणि हे 0.13 सुद्धा फुकट नाहीत. अल्टरनेटर बंद केला तर 17 सेकंदांत बॅटरी संपत नाही, ती भीती नको. पण व्होल्टेज 14 वरून साडेबारापर्यंत उतरतं. पेट्रोल पंप मंदावतो, ठिणगी कमजोर पडू शकते. म्हणजे एका हाताने मिळवलं ते दुसऱ्या हाताने गेलं.

आता चौथं दळण, वॉटर पंप. इथे गंमत संपते. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर असतात. डायनामोचा म्हणून पट्टा काढला की पाणीही थांबतं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर या इंजिनमधून पाण्यात सुमारे 30 किलोवॅट उष्णता जाते असं धरा. 15 सेकंदांत 450 किलोज्यूल. इंजिनमध्ये पाच लिटर पाणी असेल तर एवढ्यात ते सरासरी 20 अंशांनी तापेल. पण पंप बंद असताना सरासरी राहतच नाही. हेडमधलं पाणी जागेवर उकळतं आणि रेडिएटरमधलं थंड पडून राहतं. काट्याचा सेन्सर भलत्या जागी असेल तर काटाही शांत दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅस्केट उडालं, की 0.13 सेकंदांची किंमत इंजिन खोलून मोजावी लागते.

काहीजण म्हणतील, आपण आखूड पट्टा लावू, फक्त एसी आणि स्टिअरिंग वगळू, पंप चालू ठेवू. जमतं, पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, पट्ट्याचा मार्ग बदलला की पुलीला बसणारा वेढा कमी होतो आणि वेढा कमी झाला की पट्टा घसरतो. दोन, नव्या गाड्यांत एकच लांब पट्टा असतो आणि काही पुल्या त्याच्या पाठीवर फिरतात. पाठीवरची पुली पोटाकडून घेतली तर पंप उलटा फिरेल. पट्ट्यावर 6पीके1080 असं लिहिलेलं असतं. सहा खाचा, 1080 मिलिमीटर लांबी. नव्या मार्गावर दोरी फिरवून मोजल्याशिवाय पट्टा आणू नका.

आणखी तीन सूचना. टायमिंग बेल्ट वेगळा, त्याला हातही लावायचा नाही, तो सुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकू शकतो. जुन्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. तिथे पट्टा काढणं म्हणजे ताशी 120 च्या वेगाला जड ब्रेक पदरात घेणं. आणि मारुतीच्या एसएचव्हीएससारख्या गाड्यांत पट्ट्यावरचं यंत्र वेग घेताना उलट इंजिनला ढकलतं. तो पट्टा काढला तर ताकद कमीच होईल.

"मग परदेशातले रेसर काढतात ते?" काढतात. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्यांच्या इंजिनमध्ये थंड करायला पाणीच नसतं. पण ती गाडी काही सेकंद पळते आणि प्रत्येक फेरीनंतर तिचं इंजिन खोलून पुन्हा बांधतात. गाडी ट्रॅकवर आणायला ट्रक असतो. आणि याच गाडीच्या डोक्यावरच्या सुपरचार्जरचा पट्टा शेकडो हॉर्सपॉवर खातो. तो कोणी काढत नाही, कारण तो घेतो त्याहून कितीतरी जास्त देतो. तेव्हा पट्टा किती घेतो एवढंच विचारून भागत नाही, त्या बदल्यात काय देतो तेही विचारायला हवं.

भाच्याकडे ट्रक नाही. तो कुंभकोणमहून 300 किलोमीटर हीच गाडी चालवत जाणार, दिवसभर उन्हात रांगेत उभा राहणार आणि रात्री याच गाडीने परत येणार. म्हणून मामा, त्याला हे सांगा. पट्टे राहू देत. एसी बंद कर. स्टेपनी, जॅक, सामान पॅडॉकमध्ये उतरव आणि टाकीत गरजेपुरतंच पेट्रोल ठेव. 20 लिटर कमी म्हणजे 15 किलो कमी. या गाडीत 24 किलो उतरवणं म्हणजे दोन हॉर्सपॉवर मिळवणं. पट्ट्यातून मिळणार होतं ते इथेच मिळालं, आणि परतताना स्टेपनी पुन्हा डिकीत टाकता येते.

तरीही त्याला पट्ट्याचा प्रयोग करायचाच असेल, तर फक्त स्टिअरिंगचा पट्टा, तोही वेगळा असेल तरच. तीन फेऱ्या पट्ट्यासह, तीन पट्ट्याशिवाय, पुन्हा तीन पट्ट्यासह. शेवटच्या रेषेवरचा वेग लिहून ठेवायचा, कारण वेळ सुरुवातीच्या उडीवर फार अवलंबून असते, शेवटचा वेग मात्र ताकद सांगतो. 127 चे 128 झाले तर पट्ट्याने दिलं. नाही झाले तर पट्टा परत जागेवर. स्टिअरिंग जड झालेलं असेल, तेव्हा रेषेनंतर गाडी सरळच थांबवायची.

पुढच्या भागात टायरमधली हवा आणि सुटतानाची पकड. तिथे खरोखरच अर्धा सेकंद लपलेला असतो. भेटू या.